अष्टमीला गरबा, नवमीला अंथरूण

प्रश्न: डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. माझ्या सासूबाई 62 वर्षांच्या आहेत, आम्ही त्यांना आई म्हणतो. चार वर्षांपूर्वी गच्चीवर पाण्याची बादली उचलताना त्यांच्या कंबरेत उसण भरली. ती गेलीच नाही. आधी फक्त कंबर दुखायची, आता मान, खांदे, मांड्या, सगळंच दुखतं म्हणतात. नातवाने मागून मिठी मारली तरी कळवळतात. रात्री झोप नाही. दोन एमआरआय झाले, दोन्हींत डिस्क थोडी बाहेर आली आहे एवढंच. साखर, थायरॉइड, संधिवाताच्या तपासण्या नॉर्मल. व्हिटॅमिन डी कमी होतं, ते भरून काढलं. नव्या डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन दिलं होतं. ती डिप्रेशनची गोळी आहे असं मिस्टरांनी मोबाइलवर वाचलं, ते आईंच्या कानावर गेलं, आणि ‘मला वेडी ठरवता का’ म्हणत त्यांनी चार दिवसांत ती बंद केली. आता औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून घेतात. अमेरिकेतल्या नणंदबाई म्हणतात, तिकडे दुखण्यावर अगदी नवीन गोळी आली आहे, पाठवू का?

पण माझा प्रश्न वेगळा आहे. या नवरात्रात अष्टमीला आमच्या पोळेतल्या, म्हणजे गल्लीतल्या, शेरी गरब्यात आई तासभर खेळल्या. टाळ्या देत, हसत. नवमीला सकाळी त्यांना उठता येईना. दोन दिवस अंथरुणात. पोळ्या, डबे, माझी शाळा, सगळं माझ्या गळ्यात. शेजारच्या बेन म्हणाल्या, ‘बा नाटक करे छे.’ मी गप्प बसले, पण खरं सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं. हे नाटक आहे का, एवढंच सांगा.
– एक सून

उत्तर:

ताई, एवढंच विचारलंत म्हणून आधी एवढंच सांगते: नाही.

आईंना मी तपासलेलं नाही, तेव्हा निदान करणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांचं काम. पण गरब्याची जी रात्र तुम्ही पुरावा म्हणून मांडली आहे, तिने माझं मत उलट्या बाजूने पक्कं केलं. आपल्याकडे दुखण्यावर इलाज करणारी पेन क्लिनिकं बहुधा आम्ही भूल देणारेच चालवतो, आणि या धंद्यात केस पांढरे केलेला कोणीही सांगेल की सोंग आणणारा माणूस सहसा असं वागत नाही. तो अष्टमीलाही खुर्चीत बसून कण्हतो, कारण तेव्हाच तर चार लोक बघत असतात. त्याचं दुखणं सोमवारपासून रविवारपर्यंत एकाच मापाचं असतं. खरं जुनाट दुखणं लहरी असतं. ते माणसं, झोप, काळजी, संगीत, भीती, सगळ्यांवर हलतं, आणि ते का हलतं याची कारणं शरीरात बोट ठेवून दाखवता येतात.

एक मात्र आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई सासूच्या बाजूच्या आहेत. आईंना दुखतं हे खरं, आणि पोळ्यांचा त्यांना कंटाळा आला आहे हेही खरं असू शकतं. चाळीस वर्षं लाटल्यावर कोणाला येणार नाही? दोन गोष्टी एकाच घरात एकाच वेळी खऱ्या असतात. दुसरीचा निकाल तुम्ही सगळ्यांनी बसून लावायचा आहे. त्यासाठी पहिलीला खोटं पाडण्याची गरज नाही.

आता त्या बादलीकडे येऊ. उसण भरली तेव्हा कंबरेतले काही स्नायू, अस्थिबंध ताणले गेले असणार. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन, चेतातंतूंची वाढ करणारं एनजीएफ नावाचं प्रथिन, अशी बरीच रसायनं जमतात. वेदनेची खबर नेणाऱ्या बारीक चेतातंतूंची टोकं त्या ऊतींमध्ये पसरलेली असतात. ही रसायनं त्या टोकांना हळवी करतात.

हळवी म्हणजे काय, ते तुम्ही रस्त्यावर सेव उसळ खाताना अनुभवलेलं आहे. तर्री घशाखाली उतरते, तोंड भाजतं, कानातून वाफा निघतात. पण उसळ निवलेली असली तरी भाजतं, आणि नंतर आरशात पाहिलं तर जिभेवर फोड नसतो. मिरचीतलं कॅप्सेसिन चेतातंतूंच्या टोकावरच्या टीआरपीव्ही-वन नावाच्या एका प्रथिनाला चिकटतं. या प्रथिनाचं नेमलेलं काम म्हणजे सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता जाणवली की उघडायचं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असं कळवायचं. मिरची त्याला उष्णतेशिवायच उघडते. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये मिरचीच्याच मागावर राहून शोधलं, आणि त्याबद्दल त्यांना 2021 चं नोबेल मिळालं, स्पर्श आणि दाब ओळखणारी प्रथिनं शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. सूज आलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन या प्रथिनाचा 43 चा उंबरठा खाली ओढतात, इतका की शरीराच्या नेहमीच्या उष्णतेलाही ते उघडू लागतं. उन्हाने करपलेल्या पाठीवर कोमट पाणी पडलं की चटका बसतो तो यामुळे. तिथे पाणी गरम झालेलं नसतं, मोजणारं प्रथिन बदललेलं असतं.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. जागा हळवी होते, आपण ती जपतो, ती भरून येते. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या याच पायरीवर काम करतात. अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, आणि ही सगळी गोळ्यांची भावंडं त्याच रीतीने चालतात. ताज्या लचकेला, सुजलेल्या गुडघ्याला त्यांचा गुण येतो. पण आईंच्या कंबरेतली ती इजा बहुधा पहिल्या काही महिन्यांतच भरली. दुसऱ्या एमआरआयमध्ये वाढलेलं काही नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे. मग चार वर्षांनी त्या गोळीने तिथे जाऊन अडवायचं तरी काय?

तुमच्या आईंसारख्या रुग्णांत गोष्ट कंबरेतून वर सरकलेली असते, मज्जारज्जूत. कंबरेकडून आलेला चेतातंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागात संपतो आणि तिथे ग्लुटामेट नावाचं रसायन सोडून पुढच्या पेशीला निरोप देतो. त्या पेशीवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारी प्रथिनांची दारं, असतात. एरवी ते बंद, कारण त्यांच्या तोंडात मॅग्नेशियमचा एकेक कण अडकलेला असतो. निरोप जोरात आणि सारखे येत राहिले की तो कण बाहेर फेकला जातो, कॅल्शियम आत घुसतं, आणि ती पेशी स्वतःच बदलते. आता तिला थोडक्या निरोपालाही मोठं उत्तर द्यायची सवय लागते. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये लंडनमध्ये उंदरांवर काम करून हे मांडलं की इजेनंतरचं हळवेपण काही अंशी मज्जारज्जूत तयार होतं. तोवर सगळं लक्ष इजेच्या जागेवरच असायचं.

गरब्याच्या मंडपात साउंडवाला अॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आवाज मोठा करण्याचं माप, फार चढवून ठेवतो तेव्हा काय होतं ते आठवा. गायिका अजून बोललेलीही नसते, नुसता माइक हातात घेतला की शिट्टी वाजते. सगळे माइककडे बघतात, माइक बदलतात, वायर हलवतात. माइक चांगला असतो. आईंचे दोन एमआरआय म्हणजे दोनदा माइक तपासणं झालं.

एकदा गेन चढला की तुमच्या पत्रातल्या दोन विचित्र गोष्टी विचित्र राहत नाहीत. दुखणं कंबरेतून मानेत, मांड्यांत पसरलं, कारण हळव्या झालेल्या पेशी शेजारच्या भागातले, एरवी त्यांच्यापर्यंत न पोचणारे निरोपही उचलू लागतात. आणि नातवाची मिठी. स्पर्श नेणारे चेतातंतू वेगळे, जाड आणि वेगवान असतात, त्यांचा वेदनेशी एरवी संबंध नसतो. उलट लागलेली जागा आपण चोळतो तेव्हा हेच तंतू वेदनेच्या निरोपाला आडवे येतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेला प्रसिद्ध सिद्धांत याच्यावर उभा आहे. पण मज्जारज्जू हळवा झाला की स्पर्शाचा निरोपही वेदनेच्या वाटेने आत शिरतो. पोरगं प्रेमाने बिलगतं आणि आजीच्या पाठीत कळ जाते. त्या कळवळतात तेव्हा त्या मुलाला ‘आजीला हात लावू नकोस’ म्हणून दूर करू नका. पुढून, हळू, बसलेल्या आजीला मिठी मारायला शिकवा. लहान मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

गरब्याचा खुलासा मात्र अजून झालेला नाही, आणि तुमचं खरं भांडण त्याच्याशी आहे.

वेदनेची वाहतूक एकेरी नसते. मेंदूकडून मज्जारज्जूकडे खाली येणारीही एक वाट आहे. मध्यमेंदूत एका बारीक नळीभोवती करड्या पेशींचा पट्टा आहे, तिथून निघालेले तंतू खाली येऊन मज्जारज्जूतला निरोप दाबू शकतात किंवा वाढवू शकतात. 1969 मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या या भागाला नुसता विजेचा सौम्य प्रवाह देऊन भुलीशिवाय पोटाची शस्त्रक्रिया केली. पुढे 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी अफूच्या जातीची रसायनं सापडली. म्हणजे वेदना दाबण्याचा सरंजाम आपल्या आतच आहे. तो कधी उघडायचा हे मेंदू प्रसंग बघून ठरवतो. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने इटलीच्या आघाडीवर पाहिलं की जबर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बहुतेकांनी वेदनाशामक नको म्हटलं. ते शुद्धीवर होते, धक्क्यात नव्हते. जिवंत सुटलो, आता घरी जायचं, हे त्यांच्या मेंदूला जखमेपेक्षा मोठं होतं.

अष्टमीच्या रात्री आईंच्या बाबतीत ही वाट मोकळी झाली. ढोल, ठेका, ओळखीची गाणी, बायकांचा फेर, अंबेमातेचं नाव, शरीराची एका लयीत हालचाल. नियमित हालचालीने वेदना काही काळ दबते हे तर प्रयोगशाळेतही दिसतं. आईंनी दुखणं लपवलं नव्हतं की खोटं हसल्या नव्हत्या. त्या तासात त्यांना खरोखरच कमी दुखत होतं.

मग नवमीला काय झालं? रात्री उशिरापर्यंत जागरण झालं. झोप बुडाली की दुसऱ्या दिवशी निरोगी, तरुण माणसाचीही वेदना सोसायची ताकद घटते, आणि आईंची झोप आधीच तुटकी आहे. वर्षभर न वापरलेल्या पिंडऱ्या, मांड्या तासभर वापरल्या गेल्या. ज्याचं दुखणं जुनाट नाही त्याचेही स्नायू दुसऱ्या दिवशी आंबतात. ते आंबलेपण चढलेल्या गेनमधून गेलं. भरीला भीती: ‘काल खेळले, आता मणक्याचं काहीतरी मोडलं असणार.’ भीतीने खाली येणारी तीच वाट उलटी चालते, निरोप दाबण्याऐवजी वाढवते. आणि पोळ्या लाटणं म्हणजे गरब्याच्या अगदी उलट काम. ओट्यापाशी एका जागी उभं राहायचं, मान खाली, कंबर किंचित वाकलेली, खांद्यांची तीच ती हालचाल, सोबत ठेका नाही की कोणाची टाळी नाही, उलट ‘आज जमेल का’ म्हणून बघणारे डोळे. मला विचाराल तर गरबा जमला आणि पोळ्या जमल्या नाहीत यात मला नवल वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे शेवटी मनाचंच ना? तर एक प्रयोग सांगते. 1978 मध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून निव्वळ खोटं औषध दिलं. काहींना बरं वाटलं. मग नॅलॉक्सोन दिलं, म्हणजे अफूचा परिणाम उतरवणारं औषध, आणि त्या बरं वाटलेल्यांचं दुखणं वाढलं. नुसत्या विश्वासाने आलेला आराम अफूच्या उताऱ्याने उतरला. ज्याला आपण मन म्हणून बाजूला सारतो ते रसायनांतूनच बोलतं. तेव्हा ‘मनाचं आहे’ हे वाक्य मी रुग्णाच्या घरात बंदच केलं असतं. त्याने माहिती शून्य मिळते आणि अपमान पुरेपूर होतो.

आता एमआरआय. डिस्क बाहेर आली आहे हे वाक्य तुमच्या घरात चार वर्षं फिरत असणार, कदाचित ‘नस दबलीये’ या रूपात. 1994 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. कंबर अजिबात दुखत नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, त्यांपैकी फक्त 36 टक्के लोकांच्या सगळ्या डिस्क नॉर्मल निघाल्या. बाकीचे मजेत हिंडत होते. साठी उलटलेल्या बाईच्या रिपोर्टात डिस्क थोडी बाहेर असणं हे केस पांढरे असण्याच्या जवळचं आहे. तिसरा एमआरआय काढू नका, जोवर डॉक्टरांना नवीन कारण दिसत नाही. त्या पैशात चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे बरेच दिवस जाता येईल.

ड्युलोक्सेटिनबद्दल मिस्टरांनी वाचलं ते खोटं नाही, अर्धं आहे. डिप्रेशनवर ती देतात. पण तिकडे अमेरिकेत मधुमेहाने होणाऱ्या चेतातंतूंच्या दुखण्यासाठी तिला 2004 मध्ये, फायब्रोमायाल्जिया नावाच्या सर्वांगाच्या दुखण्यासाठी 2008 मध्ये आणि कंबरेसारख्या जुनाट दुखण्यासाठी 2010 मध्ये मंजुरी मिळाली. कारण मी वर सांगितलेली खाली येणारी वाट नॉरअॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन या दोन रसायनांवर चालते, आणि ही गोळी तीच दोन रसायनं तिथे जास्त वेळ टिकू देते. डिप्रेशन नसलेल्या रुग्णांतही दुखण्यावर तिचा परिणाम दिसतो. चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका. काहींना चांगला गुण येतो, काहींना थोडा, काहींना नाहीच. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते आणि फायदा दिसायला काही आठवडे लागतात, म्हणजे आईंनी चार दिवसांत बंद केली तेव्हा फायदा दिसायची वेळच आलेली नव्हती. पुन्हा सुरू करायची तर त्याच डॉक्टरांना विचारून, रक्तदाब आणि चालू असलेल्या बाकीच्या गोळ्या सांगून. आणि नीट चालू झाल्यावर मनाने एकदम थांबवायची नाही, चक्कर, अस्वस्थपणा येतो. हे आईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलेलं आई ऐकत नसते, कोणाचीच आई.

नणंदबाईंच्या गोळीचं लवकर उरकते. त्या सुझेट्रिजिनबद्दल बोलत असाव्यात. जानेवारी 2025 मध्ये तिकडे तिला मंजुरी मिळाली ती ताज्या, तीव्र दुखण्यासाठी, शस्त्रक्रियेनंतरच्या वगैरे. चार वर्षांच्या दुखण्यासाठी नाही. शोध मात्र सुरेख आहे. वेदनेच्या तंतूंतला सोडियमचा एक विशिष्ट मार्ग ती बंद करते. त्याच्याच भावंडाबद्दलची पक्की माहिती 2006 मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांतून आली होती. त्यांच्यातल्या मुलांना जन्मापासून वेदना कळतच नव्हती, कारण त्यांचं हे दुसरं सोडियमचं दार चालतच नव्हतं. अभ्यास ज्याच्यामुळे सुरू झाला तो मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालण्याचे खेळ करायचा. छपरावरून उडी मारून तो चौदावा वाढदिवस येण्याआधीच वारला. परदेशातून गोळ्या मागवू नका, एवढाच सल्ला.

करायचं काय? आईंच्या दुखण्याचा सध्याचा नमुना असा दिसतो की बरं वाटलं की एका दिवसात सगळं करायचं, मग दोन-तीन दिवस पडून राहायचं. हा नमुनाच दुखण्याला खतपाणी घालतो, कारण प्रत्येक वेळी मेंदू शिकतो की हालचाल केली की शिक्षा होते. तो मोडायचा. उपाय कंटाळवाणा आहे आणि कामाला येतो: कामाचं माप दुखण्यावर न ठेवता घड्याळावर ठेवायचं. वाईट दिवशीही जमेल इतकं चालणं ठरवा, समजा दहा मिनिटं. कमाटीबागेत सकाळी दहा मिनिटं चालायचं. आज छान वाटतंय म्हणून अर्धा तास नाही, आज दुखतंय म्हणून शून्य नाही. हे दोन आठवडे सलग जमलं की बारा मिनिटं. थोडं दुखलं तर ते नुकसान झाल्याचं लक्षण नाही, हे आईंना फिजिओथेरपिस्टने सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागलं तर माप जास्त झालं, एवढा अर्थ काढून ते कमी करायचं.

पोळ्यांनाही हाच नियम. पोळपाट ओट्यावरून जेवणाच्या टेबलावर आणा, आईंना खुर्चीत बसवा, आणि सहा पोळ्या. सातवी नाही, जमत असली तरी नाही. उरलेल्या तुम्ही करा, मिस्टरांनी कराव्यात, किंवा गुजरातेत राहताय तर सरळ भाखरी-पोळीवाल्या बाईकडून आणा, बडोद्यात घरगुती पोळ्या मिळायला काय तोटा आहे? तुमच्या पत्रात मिस्टर मोबाइलवर वाचताना दिसले, डबे भरताना कुठे दिसले नाहीत. हे मी सहज म्हणते आहे, पण त्यांना दाखवायला हरकत नाही.

झोप हा दुसरा मोठा हात. तिच्यासाठी वेगळी गोळी मागण्याआधी दुपारी दोन-दोन तास लोळणं, संध्याकाळी सातनंतरचा चहा आणि अंथरुणात पडून बघितल्या जाणाऱ्या मालिका यांच्याकडे लक्ष द्या. आई घोरतात का, श्वास अडकतो का, तेही डॉक्टरांना सांगा, ते कोणी विचारत नाही.

आणि घरातलं बोलणं. दिवसातून दहा वेळा ‘आज कसं आहे, दुखतंय का’ विचारलं की मेंदू दहा वेळा कंबरेत जाऊन बघून येतो. त्याऐवजी ‘आज कुठे जाणार, काय करणार’ विचारा. पण ‘दुखत नाहीये तुम्हाला’ असं कधीच म्हणू नका. ज्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही तो माणूस दिवसभर पुरावे गोळा करत बसतो, आणि इथे पुरावा म्हणजे दुखणं. आईंशी एकदा शांतपणे बसून बोला. तुमच्या जागी मी असते तर म्हटलं असतं: ‘आई, डॉक्टरबाई म्हणाल्या तुमचं दुखणं खरं आहे, कंबरेतली इजा बहुधा भरून आली आहे, पण नसा हळव्या झाल्यात, आणि त्या हळूहळू निवू शकतात.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. ‘पूर्ण जाईल’ असं मात्र वचन देऊ नका. अशी दुखणी बऱ्याचदा शून्यावर येत नाहीत. दुखत असतानाही माणूस जास्त चालतो, जास्त झोपतो, अंथरुणातले दिवस कमी होतात, तेच मोजायचं.

राहिलं डायक्लोफिनॅक, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. दुकानातून आणून महिनोन्महिने घेतलेली ही गोळी जठरात जखम करते, मूत्रपिंडावर ताण आणते, रक्तदाब चढवते, हृदयालाही चांगली नाही. ड्युलोक्सेटिन पुन्हा सुरू झालं आणि सोबत हीही चालू राहिली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका आणखी वाढतो. म्हणून पुढच्या भेटीत आधी हेच सांगा: किती दिवसांपासून, दिवसाला किती. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाब तपासून घ्या. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर गोळी तिथेच थांबवून लगेच दाखवा.

मी हे सगळं तपासण्या नॉर्मल आहेत हे धरून लिहिलं आहे. उद्या त्यात फरक पडला, म्हणजे ताप येऊ लागला, कारण नसताना वजन उतरू लागलं, आधी कधी कॅन्सर झालेला असला, साधं पडल्यावर पाठीत नवीन, वेगळी कळ सुरू झाली, तर ‘जुनंच दुखणं’ म्हणून घरी बसू नका, या वयात हाडं ठिसूळ असतात. आणि लघवी अडकली किंवा नकळत झाली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता त्याच रात्री सयाजी हॉस्पिटलच्या किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत न्या.